आठ नंबरच्या सुया

गेले दोन-अडीच महिने इथे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर एक स्वेटर. तोही एकदा विणून, फसून, पुन्हा विणलेला. फसला कसा ते सांगायला बसले तर गोष्ट थेट इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीपर्यंत जाऊन पोचली. इतिहास शिकवण्यात उभी हयात गेलेल्या बाईचं असंच व्हायचं! तेव्हा आज जरा सविस्तर.

माझी लेक अमेरिकेत असते. नात आता आठ वर्षांची झाली. मागच्या थंडीत लेकीने एका स्वेटरचा पॅटर्न मोबाइलवर पाठवला. "आई, हिला हाच हवाय, आणि आजीनेच विणलेला हवाय." आता असं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? पॅटर्न इंग्रजीत होता, पण विणकामाचं इंग्रजी मला येतं. सुया ८ नंबरच्या, छातीचा घेर ३० इंच, अंगासाठी सगळे मिळून १३५ टाके. माझ्याकडे आठ नंबरच्या सुया आईच्या वेळच्या आहेत. लोकर पॅटर्नमधली इथे मिळणार नव्हती, म्हणून दुकानातून साधारण तशीच वाटणारी, छान मोरपंखी रंगाची आणली. पॅटर्नच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ होती, ४ इंचांत १८ टाके आणि २४ ओळी, अशी. ती मी वाचली आणि पुढे गेले. विणकामाच्या पुस्तकातली ती ओळ मी आयुष्यभर अशीच वाचून पुढे जात आले आहे, कायद्याच्या कागदावरच्या बारीक मजकुरासारखी.

स्वेटर सुरेख झाला. भारतात येऊन परत निघालेल्या एका ओळखीच्यांबरोबर पाठवला. फोन आला तेव्हा लेक फार जपून बोलत होती. "आई, रंग काय सुंदर आहे गं! वीणही किती एकसारखी... फक्त जरा घट्ट होतोय." मग मागून नातीचा आवाज, "आजी, माझं डोकंच जात नाही!" मुलं खरं बोलतात ते बरं असतं. लेकीला टेपने मोजायला सांगितलं. घेर साडेचोवीस इंच! नातीची छातीच मुळी सत्तावीस इंच.

तीस इंचांतले साडेपाच इंच गेले कुठे? टाके तर मी दोनदा मोजले होते. रात्रभर झोप नाही. सकाळी उठून त्याच लोकरीच्या उरलेल्या गुंड्यातून हातभर रुंद तुकडा विणला आणि पट्टी लावली. इंचाला साडेपाच टाके. पॅटर्नमध्ये ४ इंचांत १८, म्हणजे इंचाला साडेचार. १३५ ला साडेचारने भागलं की ३० येतात, साडेपाचने भागलं की साडेचोवीस. सातवीतल्या मुलाला घालावं असं गणित. ते मी आधी घातलं नाही, एवढंच.

आता एका इंचात एक टाका जास्त का आला, हे शोधताना जे हाती लागलं त्याने मी थक्क झाले. अमेरिकेतली ८ नंबरची सुई आणि आपली ८ नंबरची सुई या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अमेरिकेची ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर जाड. आपल्याकडे जे जुने नंबर चालत आले ते इंग्लंडचे, त्यातली ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडची मोजणी उलट्या दिशेने जाते. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते. इंग्लंडच्या जुन्या पद्धतीत नंबर वाढला की बारीक. आपली १० नंबर सव्वातीन मिलिमीटरची, १२ नंबर पावणेतीन मिलिमीटरची आणि १४ नंबर तर जेमतेम २ मिलिमीटरची. अमेरिकेची १० नंबर मात्र ६ मिलिमीटरची!

असं उलटं का, याचं उत्तर तारेत आहे. विणायच्या सुया मुळात लोखंडी तारेच्या तुकड्यांच्या होत. तार बनवायची ती पोलादी पट्टीतल्या भोकांतून ओढून. आधी मोठ्या भोकातून, मग त्याहून लहान, मग आणखी लहान. जितक्या वेळा ओढाल तितकी तार बारीक, आणि नंबर तितका मोठा. सोनाराकडे सोन्याचांदीची तार ओढताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ही पट्टी डोळ्यांसमोर येईल. इंग्लंडमध्ये गावोगावचे तारवाले आपापल्या भोकांचे नंबर वापरत. म्हणजे एका गावची ८ नंबरची तार दुसऱ्या गावच्या ८ शी जुळेलच असं नाही. सरकारमान्य एकच तारमाप तिथे १८८४ साली लागू झालं. आईच्या सुयांवरचा तो '८' हा आकडा असा बर्मिंगहॅमकडच्या तारवाल्यांकडून नाशिकच्या आमच्या माजघरापर्यंत आलेला आहे. मी त्याला विणकामाचा आकडा समजत होते.

विणकामाची छापील पुस्तकं इंग्लंडमध्ये खऱ्या अर्थाने वाढली ती १८४० च्या सुमारास. एडिंबरोच्या जेन गोगेन या बाईंचं पुस्तक १८४० चं, लंडनच्या मिस लँबर्ट यांचं 'माय निटिंग बुक' १८४३ चं. त्याआधी वीण ही बघून शिकायची गोष्ट होती. शेजारी बसून हात बघायचा, चुकलं की उसवायचं. कागदावरून शिकायची वेळ आली तेव्हा या बायकांपुढे प्रश्न उभा राहिला, की माझी सुई आणि वाचणारीची सुई एकच आहे हे मला कसं कळणार? मिस लँबर्टनी स्वतःचं एक माप काढलं. सुई त्यात बसवून बघायची आणि नंबर वाचायचा. त्याला त्यांनी नाव दिलं 'फिलियेर'. हा फ्रेंच शब्द त्या तारवाल्यांच्या भोकांच्या पट्टीचाच.

म्हणजे सुईचा प्रश्न त्यांनी ओळखला. पण त्या काळच्या पुस्तकांत एक गोष्ट सहसा सापडत नाही. इंचात किती टाके यायला हवेत ते. बर्लिन लोकर घ्या, अमुक नंबरच्या सुया घ्या, इतके टाके घाला, एवढं सांगून बाई मोकळ्या. बर्लिन लोकर म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ, रंगीत लोकर, तेव्हा इंग्लंडमध्ये तिची चलती होती. सगळ्याजणी तीच लोकर वापरणार हे गृहीत होतं. पुढे लोकर कातणाऱ्या कंपन्याच पॅटर्नची पत्रकं छापू लागल्या, तेव्हा तर आपल्या लोकरीचं नाव घालणं हा त्यांचा धंदाच होता. टाक्यांच्या मापाची ओळ पत्रकांत नेमाने यायला विसावं शतक उजाडावं लागलं.

त्या मापाला अमेरिकेत 'गेज' म्हणतात आणि इंग्लंडमध्ये 'टेन्शन'. हो, टेन्शनच! आपण टेन्शन म्हणतो ते वेगळं, हे धाग्याच्या ताणाचं. माझ्या बाबतीत मात्र दोन्ही अर्थ लागू पडले. 'गेज' या शब्दाचं नातं यंत्राशीही आहे आणि इथे एलिझाबेथ राणी येते.

१५८९ साली नॉटिंगहॅमशायरमधल्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र तयार केलं. प्रत्येक टाक्याला एक अशा आकड्यासारख्या सुया एका ओळीत बसवलेल्या. पहिल्या यंत्रात इंचाला ८ सुया होत्या. राणीने परवाना नाकारला, हातांनी मोजे विणून पोट भरणाऱ्या गरिबांचं काय होईल म्हणून, असं सांगतात. दुसरी एक कथा अशी की तिला लोकरीचे जाडेभरडे मोजे आवडले नाहीत, रेशमी हवे होते. लीने पुढे इंचाला २० सुयांचं यंत्र केलं, रेशमासाठी. तरीही दाद लागली नाही. तो फ्रान्सला गेला आणि तिथेच वारला. पण त्याचं यंत्र टिकलं. इंचाला किती सुया हे तेव्हापासून यंत्राचं नावच होऊन बसलं. आज आपण अंगात घालतो ते टी-शर्टचं कापड बहुधा २४ किंवा २८ गेजच्या यंत्रावर विणलेलं असतं, म्हणजे इंचाला तितक्या सुया.

यंत्राचं बरं असतं. सुया लोखंडात रोवलेल्या, त्या आज एक आणि उद्या एक असं वागत नाहीत. माणसाच्या हाताचं तसं नाही. सुई तीच, लोकर तीच, तरी तुमचा टाका वेगळा आणि माझा वेगळा. सकाळी शांतपणे विणलेला वेगळा आणि मालिकेत सून-सासूची जुंपलेली असताना विणलेला वेगळा. त्याच काळात इंग्लंडमध्ये लोकरीच्या टोप्या विणत, त्या मुद्दाम बऱ्याच मोठ्या विणत आणि मग पाण्यात घालून तुडवून आटवत, हव्या त्या मापाला येईपर्यंत. १५७१ मध्ये तर कायदाच होता, सहा वर्षांवरच्या सामान्य लोकांनी रविवारी आणि सणाला लोकरी टोपी घालावी असा. आधी मोठं विणा, मग आटवून जुळवा. हीसुद्धा मापावर मात करायची एक तऱ्हाच. आपल्या ॲक्रिलिकला मात्र ती लागू नाही, ते तसं आटत नाही.

मग हे माप ठरतं तरी कशावर? १९५९ साली डी. एल. मंडन या संशोधकाने साध्या सुलट विणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचं सार असं की टाक्यांची दाटी मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते, एका टाक्यात किती लांबीचा धागा गेला यावर. ही लांबी दुप्पट झाली तर एका चौरस इंचातले टाके निम्मे होत नाहीत, चौथाई होतात, कारण रुंदी आणि उंची दोन्ही वाढतात. हाताच्या विणीत ही लांबी ठरवते सुईची जाडी आणि आपला हात. लोकरीच्या जाडीचा वाटा त्यामानाने कमी.

हे वाचलं आणि मला वाटलं, चला, प्रश्न सुटला. चूक फक्त सुईची. ५ मिलिमीटरच्या सुया आणल्या, त्याच मोरपंखी लोकरीचा तुकडा विणला. इंचाला बरोबर साडेचार टाके! पण तुकडा उजेडात धरला तर पलीकडची खिडकी दिसत होती. स्वेटर कसला, मच्छरदाणी. तेव्हा कळलं की माप जुळलं म्हणजे कापड जुळलं असं नाही. टाक्याचं घर मोठं झालं, पण त्या घरात राहायला धागा बारीक. लोकर बदलताना दोन परीक्षा असतात. आकडा जुळला पाहिजे, आणि हाताला लागणारं कापडही हवं तसं झालं पाहिजे.

लोकरीची जाडी सांगण्यातही गोंधळ आहेच. आपण दुकानात 'थ्री प्लाय', 'फोर प्लाय' मागतो. प्लाय म्हणजे पीळ दिलेल्या पदरांची संख्या. पण चार पदर बारीकही असू शकतात आणि जाडही. इंग्लंडमध्ये पूर्वी पदर साधारण ठरावीक जाडीचे असत म्हणून ते नाव जाडीचंच झालं, पुढे पदर बदलले आणि नाव तेवढं राहिलं. आता अमेरिकेत लोकरीला शून्यापासून सातपर्यंत क्रमांक देतात, आणि हे क्रमांक बांधलेले आहेत ते टाक्यांच्या मापाला. ३ क्रमांकाच्या लोकरीला ४ इंचांत २१ ते २४ टाके, ४ क्रमांकाला १६ ते २०, ५ क्रमांकाला १२ ते १५. नातीचा पॅटर्न ४ क्रमांकाचा होता. मी आणलेली लोकर इंचाला साडेपाच, म्हणजे ४ इंचांत २२ टाक्यांची. सरळसरळ ३ क्रमांकाची. गुंड्यावर क्रमांक नसेल तर पट्टीवर धागा न ताणता शेजारीशेजारी गुंडाळायचा आणि इंचात किती वेढे बसतात ते मोजायचं. जुन्या लोकरीशी वेढे जुळले की जाडी जुळली.

दुसरं, लोकर वजनावर घेऊ नये, लांबीवर घ्यावी. पॅटर्नला १०० ग्रॅमचे ३ गुंडे लागत होते, प्रत्येकी २०० मीटर, म्हणजे ६०० मीटर धागा. मी नंतर आणलेली लोकर ५० ग्रॅमला १२० मीटर होती, म्हणून ५ गुंडे, अडीचशे ग्रॅम. तीनशे ग्रॅम आणली असती तर एक गुंडा उरला असता. सुती धाग्याचं उलट होतं. सूत लोकरीपेक्षा जड आणि ॲक्रिलिक लोकरीपेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच जाडीचं सूत तेवढ्याच वजनात कमी लांब भरतं, अर्ध्या बाहीवर संपतं. शिवाय लोकरीला अंगची लवचीकता असते, ताणली तरी जागेवर येते. सुताला ती नाही, त्याची बॉर्डर चार दिवसांत सैल होऊन लोंबते. माप जुळलं तरी हे बदलत नाही.

या सगळ्या शोधाशोधीत आईची फार आठवण झाली. आई चौथी शिकलेली. नाशिकच्या थंडीत आम्हा चार भावंडांचे स्वेटर तीच विणायची. दर वेळी नवी लोकर आणली की ती आधी एक विताचा चौकोन विणायची. धुवायची, दोरीवर वाळवायची, मग त्यावर बोटं ठेवून काहीतरी पुटपुटत मोजायची. आम्हाला घाई असे. मी तेव्हा कॉलेजात होते, बीएला. एकदा तिला म्हटलं, "अगं, पुस्तकात टाके लिहिलेले आहेत ना, मग हा उद्योग कशाला? वेळही जातो आणि लोकरही." ती एवढंच म्हणाली, "पुस्तक लिहिणारीचा हात माझा नाही, बाई. शितावरून भाताची परीक्षा करावी." मी हसले होते. मनात म्हटलं, शिक्षण नाही म्हणून छापलेल्यावर विश्वास नाही.

ते चौकोन तिने टाकले नाहीत. जोडून एक लहान पांघरूण केलं, ते माझ्या ट्रंकेत आहे. मच्छरदाणी प्रकरणानंतर ते बाहेर काढलं. उलट्या बाजूने पाहिलं तर प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात धाग्याचं शेपूट ठेवलेलं, आणि त्याला गाठी. एका शेपटाला आठ, एकाला नऊ, एकाला दहा. सुईचा नंबर! साठ वर्षं हे पांघरूण पाहत आले, अंगावर घेतलं, माझ्या लेकीला त्यात गुंडाळलं, आणि गाठी कधी दिसल्या नाहीत. पट्टी घेऊन बसले आणि मोजले. आठ गाठींच्या दोन चौकोनांत इंचामागे अर्ध्या टाक्याचा फरक होता. सुई तीच, लोकर निराळी. तिने तो फरक लक्षात घेऊनच टाके घातले असणार, कारण आमचा एकही स्वेटर आखूड किंवा घट्ट झाल्याचं आठवत नाही.

अमेरिकेत एलिझाबेथ झिमरमन नावाच्या बाई होऊन गेल्या, जन्म इंग्लंडमधला १९१० चा. १९७१ साली त्यांचं 'निटिंग विदाउट टिअर्स' हे पुस्तक आलं. त्यांचं सांगणं असं की पॅटर्नचे गुलाम होऊ नका. आपल्या लोकरीचा, आपल्या सुईवरचा, आपल्या हाताचा इंचामागचा आकडा काढा, त्याला हव्या त्या घेराने गुणा, म्हणजे अंगाचे टाके मिळाले. बाही, मनगट, गळा हे त्या आकड्याचे ठरावीक हिस्से. लहान चौकोनाचा कंटाळा असेल तर टोपीच विणून बघा, माप कळतं आणि टोपीही मिळते. हे वाचताना मला आईचं पुटपुटणं ऐकू आलं. जगाच्या दोन टोकांना दोन बायका एकच गोष्ट सांगत होत्या. एकीचं मी पुस्तकात वाचलं म्हणून मानलं. दुसरी घरात होती, तिचं मानलं नाही.

मी वर्गात मुलांना सांगायची की इतिहासात छापलेलं सगळं खरं मानू नका, साधन तपासा, कुणी लिहिलं, कुठे लिहिलं, कोणत्या मापाने लिहिलं ते बघा. आणि स्वतः मात्र '८' हा आकडा डोळे मिटून घेतला. असो.

दुसऱ्या वेळी सगळं रीतसर केलं. जाड लोकर आणली. मधल्या भागात चार इंच नीट मोजता यावेत म्हणून चांगला सहा इंचांचा चौकोन विणला, कारण कडा दुमडतात आणि खोटं बोलतात. धुतला, वाळवला, मग मोजला. इंचभर मोजून समाधान मानलं नाही. इंचामागे पाव टाका चुकला तरी केवढा फरक पडतो बघा. १८० टाक्यांचा मोठ्या माणसाचा स्वेटर इंचाला ५ टाक्यांनी ३६ इंच होतो, सव्वापाचने ३४ च्या थोडाच वर. ५ मिलिमीटरवर माझे टाके सव्वाचार आले, माझा हात सैल आहे हे त्या दिवशी कळलं. साडेचार मिलिमीटरवर बरोबर साडेचार. ओळी मात्र २४ ऐवजी २५ आल्या. लांबी इंचांतच दिलेली होती म्हणून तिथे अडलं नाही, पण मुंढ्याची घट ओळींवर असते, तिथे दोन ओळी जास्त घातल्या.

आणि साडेचार मिलिमीटर म्हणजे आपली जुनी ७ नंबरची सुई. अमेरिकेच्या आठचं काम शेवटी आईच्या सातने केलं.

स्वेटर पोचला. घेर ३० इंच. नातीचं डोकं गेलं. पहिला मोरपंखी स्वेटर लेकीने परत पाठवला, तो पुण्याच्या भाच्याच्या मुलीला अगदी बेतात बसला. दोन्ही चौकोन, जाळीदार आणि चांगला, मी आईच्या पांघरुणाच्या कडेला जोडले. शेपटांना गाठी मारल्या. जाळीच्या चौकोनाला जुन्या मोजणीप्रमाणे सहा, चांगल्याला सात.

नात मोठी झाल्यावर विचारेल की या गाठी कसल्या, तेव्हा सांगायला मी असेन की नाही माहीत नाही. म्हणून इथे लिहून ठेवलं.